या खेपेचा शालू

शालू नेसून गोदाकाकू आरशासमोर उभ्या होत्या, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंची सून डबी घेऊन आली.

“काकू, सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या. जाण्याआधी बजावून गेल्या, ‘गोदालाच दे.’ आजच्या लग्नात दोन्ही मिरवा.”

काकूंना हसू आलं. एका दिवाळीला सासऱ्यांनी दोघी सुनांच्या हातावर सारखेच पैसे ठेवले होते. त्यात शालू तरी आला असता, नाही तर कुड्या. जावांनी चुलीपुढे बसून गुपचूप ठरवलं. गोदानं शालू घेतला, थोरलीनं कुड्या, आणि पुढे दर लग्नाला अदलाबदल. शालू जिच्या अंगावर, तिचे कान रिकामे.

काकूंनी कुड्या कानाशी नेल्या. मग थबकून त्या सुनेच्याच कानांत घातल्या.

“मागच्या लग्नात शालू तिनं नेसला होता. या खेपेला माझा. कुड्या तिच्या.”