सावित्रीचा कॉम्प्युटर

“गुरुदासा, आज हो म्हणूकच होया,” सत्यवान म्हणाला.

गुरुदास पडद्याकडे बघत राहिला. कोपऱ्यात तीच चौकट उघडली होती. अपडेट आता करायचं की नंतर? दुकान उघडलं की ती यायची. आठ महिने तो रोज ‘नंतर’ दाबत होता. त्याला काही विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

जामसंड्यातलं हे टायपिंग-झेरॉक्सचं दुकान नावाला त्याचं. कॉम्प्युटर सावित्रीचा, त्याच्या बायकोचा. जूनमध्ये ती गेली, तेव्हापासून पडदा तिने ठेवला तसाच होता. डावीकडे दाखले, उजवीकडे लग्नपत्रिका, मध्ये मोकळी निळी जागा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गुरुदास त्या निळ्यात बघत बसे. बाहेरून मोहराचा वास येई, पंखा फिरे, आणि सावित्री मागे कागद लावते आहे असं वाटे. मान तेवढी वळवायची नाही.

पण पंधरा दिवस सातबारा निघत नव्हता. अपडेट नाही म्हणून सरकारी साइट उघडेना. माणसं समोरच्या दुकानात जायला लागली. असंच चाललं तर शटर ओढावं लागणार होतं. म्हणून त्यानेच सत्यवानाला बोलावलं होतं. मशीन दुरुस्त करणारा, शाळेपासूनचा मित्र.

“तिचा काय गेला तर?”

“फायली खंयच जावचे नाय रे. दिसाक मात्र वेगळा दिसतला.”

“मग नको.”

“अरे, दुकान चालवतस की देव्हारो?” सत्यवान वैतागला. त्याने आधीच्या अपडेटची यादी उघडली. “ह्या बघ. वहिनी महिन्याक एकदा करीच. तारखो मात्र वायच वेड्यावाकड्यो.”

गुरुदासाने चष्मा लावला. एकोणतीस जानेवारी. अठ्ठावीस फेब्रुवारी. अठ्ठावीस मार्च. सत्तावीस एप्रिल. सव्वीस मे.

भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून होतं. त्याने उठून पानं उलटली. सगळ्या संकष्ट्या होत्या. त्या दिवशी ती उशिरा घरी यायची. “चंद्र येयसर घराकडे बसान काय करू? मशीनचा काम करून घेतंय,” म्हणायची. मग उपास सोडता सोडता सांगायची, “आज पडदो नवो दिसता हां. उद्या बघा.” तो “बरां” म्हणायचा. दुसऱ्या दिवशी कधी बघितलं नव्हतं.

सव्वीस मेनंतर यादी कोरी होती.

“सत्यवाना, दाब.”

“मगे रडशीत नाय मां?”

“आठ महिने मी जा जपलंय, ता तिना महिनाभर पण ठेवला नसता.”