बारा सेकंदांची गैरहजेरी

"फुंक मार, बेटा. थांबायचं नाही," डॉ. रुची बिसेन म्हणाल्या आणि कागदाची एक लांब पट्टी त्यांनी खुशबूच्या तोंडासमोर धरली.

नऊ वर्षांची खुशबू फुंकू लागली. तिचा बाप पुनाराम भिंतीला टेकून उभा होता. नवेगाव बांधजवळच्या गावातून तो पहिल्या एसटीने तिला गोंदियाला घेऊन आला होता. पोरगी बोलता बोलता मधेच थांबते, टक लावून बसते, असं शाळेचे मास्तर म्हणाले होते. जंगलातलं काहीतरी लागलं, असं गाव म्हणत होतं. पुनारामने आधी गावाचं ऐकलं, कोंबडं दिलं. मग मास्तरांचं ऐकलं.

दोन मिनिटं झाली आणि पट्टी एकाएकी थांबली.

खुशबूचे डोळे उघडेच होते. पापण्या बारीक थरथरत होत्या. ओठ फुंकर घालायच्या बेतात तसेच राहिले होते.

"मोर," डॉक्टर तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या. "खुशबू, मोर."

त्यांची नजर घड्याळावर होती. बाराव्या सेकंदाला पट्टी पुन्हा फडफडू लागली.

"मी आता कोणता शब्द सांगितला?"

खुशबूने बापाकडे पाहिलं. "तुमी तं काई बोलल्याच नाई, मॅडम."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "असं फुंकायला लावलं की हा झटका समोरच दिसतो. याला ॲब्सेन्स म्हणतात, भाऊ. फ्रेंच डॉक्टरांकडून आलेलं नाव. म्हणजे गैरहजेरी."

पुनाराम ताठ झाला. "गैरहजेरी? माजी पोरगी एक दिवस शाळा बुडवत नाई. मास्तरले इचारा."

"शाळेत येते ती. पण बसल्या बसल्या दहा-बारा सेकंद ती तिथं नसते. तेवढ्यात कोणी काही सांगितलं तर तिच्यापर्यंत पोचतच नाही. जुने डॉक्टर याला पेटी माल म्हणायचे. तेही फ्रेंचच."

"पेटीतला माल?" पुनारामला किराणा दुकान आठवलं.

डॉक्टरांना हसू आलं. "नाही हो. पेटी म्हणजे छोटं, माल म्हणजे दुखणं."

"छोटं म्हन्ता, तं मोठं बी राहत असंन?"

"असतं. ग्रँड माल. त्यात माणूस पडतो, हातपाय झाडतो."

ते त्याला ठाऊक होतं. झटका येऊन बाजारात पडलेल्या गावातल्या बकारामच्या नाकाला लोक चप्पल लावत, हे त्याने किती वेळा पाहिलं होतं. त्याचा आवाज खाली आला. "म्हंजे मिरगी."

"मिरगीचाच एक प्रकार. खोटं नाही सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "पण गोळी रोज दिली तर बरीच मुलं यातून बाहेर पडतात. एक दिवस चुकवायची नाही. तळ्यावर, विहिरीवर एकटीला पाठवू नका. आणि रागावू नका तिच्यावर. ती मुद्दाम नाही करत."

डोक्याला तारा लावून तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या. दुपार टळल्यावर दोघं बसस्टँडच्या बाकावर येऊन बसले. पुनारामने तिला समोसा घेऊन दिला. समोसा फोडून ती वाफ जायची वाट पाहत बसली. हात थांबला की तो तिच्या डोळ्यांकडे पाही. एकदा ती म्हणाली, "काऊन पाहून राहिला, बाबा?"

त्याने नजर रस्त्याकडे वळवली. गाडी यायला वेळ होता.

"होळीच्या आंदी," शेवटी तो म्हणाला, "तुज्या हातून भाताचा गंज पडला. भरलं भांडं पालथं, सारा भात सांडला. मी तुले मारलो होतो. आठवते का?"

खुशबूने बोटांना लागलेला बटाटा चाटला.

"भात कसा सांडला ते नाई आठवत," ती म्हणाली. "मारल्याचं आठवते."