जड चेंडू

लकव्याने लुळ्या पडलेल्या हाताला व्यायाम म्हणून विज्ञानाचे निवृत्त मास्तर रोज जमिनीवरून चेंडू ढकलायचे आणि समोरच्या भिंतीशी खुर्ची टाकून बायको तो अडवायची. आधी चामड्याचा जड चेंडू होता, मग रबराचा आला, आता प्लॅस्टिकचा. चेंडू पोचला की ती म्हणायची, "बघा, हातात जीव येतोय!"

शेवटी मास्तरांना राहवलं नाही. "अगं, तेवढ्याच जोरात हलका चेंडू लांब जातो, हे मी जन्मभर शिकवलं. मलाच शेंडी लावतेस? वर खुर्चीही पुढे पुढे सरकवतेस!"

"चेंडू बदलले, कबूल. पण खुर्ची माझ्यासाठी सरकवते. मला लांबचं दिसेनासं झालंय."

मास्तरांनी प्लॅस्टिकचा चेंडू बाजूला सारला.

"मग तो चामड्याचाच काढ," ते म्हणाले. "येताना आवाज तरी करेल."