अंजिरी किमोनो

एका जपानी नाटककाराने आयुष्यभर आपल्या आईविषयीच लिहिलं. धनाजीने त्याचं नाटक भोरला मराठीत बसवलं. किमोनो हवा होता, म्हणून घरच्या ट्रंकेतलं आईचं कोरं अंजिरी लुगडं त्याने न विचारता कापलं. तिला ते नेसलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

प्रयोग रंगला. "आईचं मन तुम्हीच ओळखलंत!" म्हणत एका गुरुजींनी धनाजीचे दोन्ही हात धरले. शेजारी त्याची आई नटीच्या किमोनोची बाही चाचपत होती.

"धना, ह्ये परत जोडता यील का रं?"

"नवं घेऊ की, आई."

"मेल्यावर म्हायेरचंच लुगडं नेसवत्यात. भावानं जायच्या आदी आनून दिलं व्हतं. आता तिकडं कुनीच न्हाई."

गुरुजी हात सोडत नव्हते. धनाजीला तोंडही लपवता येईना.