न विचारता

फोटोग्राफरचा एक हट्ट होता : रस्त्यावरच्या माणसाला विचारून फोटो काढायचा नाही. विचारलं की माणूस आधी केस सारखे करतो आणि मग खोटं हसतो. शिलाई मशीनवर बसून खळखळून हसणारी ती बाई त्याला अशीच, न विचारता मिळाली होती. प्रदर्शनात तोच फोटो सगळ्यांत मोठा लावला होता.

एक माणूस त्या फोटोपुढून हलेचना. त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब, ही माझी बायको. मुलीला घेऊन घर सोडून गेली. कुठं शोधलं नाही हिला! हा फोटो कुठला?"

फोटोग्राफरने हौसेने पत्ता सांगितला, वर गल्लीचा नकाशाही काढून दिला. आपल्या कलेनं एक मोडका संसार सांधला, या आनंदात तो दुसऱ्या दिवशी फोटोची प्रत घेऊन तिच्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

मशीन थांबलं.

"फोटो काढताना विचारलं नाहीत, ते असू दे. पत्ता देण्याआधी तरी विचारायचं होतंत, दादा."

अर्धा शिवलेला फ्रॉक सुईखालीच सोडून ती उठली आणि कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या मुलीला म्हणाली, "दप्तर राहू दे. चप्पल घाल."