पुन्हा भरलेली कॅसेट

विनीतनं उल्हासनगरहून जुना टेप दुरुस्त करून आणला आणि त्याचे वडील, दौलतराव, पोरासारखे खुलले. तरुणपणी भरलेली स्वतःची भजनं ते रोज डोळे मिटून ऐकायला लागले. "मोबाईलला ही मजा नाय!"

रविवारी त्यांनी अंबरनाथचं सगळं भजनी मंडळ घरी बोलावलं आणि ऐटीत बटण दाबलं.

कुकरची शिट्टी वाजली. मग दुसरी. मग तिसरी.

"अगं, माझी भजनं कुठायत?"

"माझी गाणी पुसून भरली होतीत ना ती?" चहाचा ट्रे ठेवत संजीवनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "बाईमाणसानं गाऊ नये, कुकर लावावा, म्हणालात. लावलाय. कॅसेट उलटी करून बघा, त्या बाजूलाही डाळच शिजतेय."