आरतीआधीचा शंख

आरतीआधी उल्हासने शंख फुंकला, तशी सावनी दबक्या आवाजात ओरडली, "अरे, हळू! कोणी पोलिसांत कम्प्लेंट केली तर?" मायामीतला त्यांचा पहिलाच गणपती होता, आणि व्हिसाही नवा. तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. सावनीने दार किलकिलं केलं, तर बाहेर खालच्या मजल्यावरची हैतीची म्हातारी उभी होती, अनवाणी; काखेत बोचकं, हातात मासे कापायची सुरी. परवाच जिन्यात ती सांगत होती, "दोनशे वर्षांपूर्वी आमच्या बेटावरच्या गुलामांनी शंख फुंकूनच बंड पुकारलं, गोऱ्या मालकांना हाकललं. यंदाच्या बंडातही शंख वाजला, आणि माझा मुलगा घरी परतला नाही." "कोण आलंय?" म्हातारीने कुजबुजत विचारलं. घाबरलेल्या सावनीच्या तोंडून निघून गेलं, "गणपती आलेत, आंटी." म्हातारीने सुरीवरची मूठ आवळली. "त्याच्याबरोबर किती माणसं आहेत?"